जगतील, असं मी म्हणाले होते

ग्वायाकिल, ४ मार्च

बेनिल्दाताई,

मायेर्ली पोचली. बस तीन तास उशिरा आली, पण पोरगी धड आहे, जेवलीबिवली आहे, आणि भर दुपारी माझ्या पलंगावर आडवी पसरून झोपली आहे. पंखा एकच आहे, तो तिच्याकडे वळवलाय. मी खुर्चीत बसून घाम पुसत लिहितेय.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. आठ वर्षांत एकदाही उचलला नाहीस, मग आता तरी कशाला उचलशील. का, ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, परत उगाळत नाही. बसवाला सान लोरेन्सोपर्यंत आणेल, तिथून लाँचवाला आपल्या बोकानिताच्या धक्क्यावर. तुझ्या हातात पडलं की चुलीत घालण्याआधी एकदा वाच.

तिनं पिशवी उघडली तर आत नारळाच्या वड्या आणि केळीच्या पानात बांधलेले खेकडे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. विचारलं, "ताईनं माझ्यासाठी दिलंय?" तर म्हणते, "नाही, माझ्यासाठी दिलंय. पण तू खा." तुझीच लेक. एक घाव दोन तुकडे.

शाळा संपली, आता पर्यावरणात काम करायचं म्हणते. मी म्हटलं, पर्यावरण म्हणजे काय पेठेतलं एक दुकान आहे का, आत गेलं आणि गल्ल्यावर बसलं? जंगलात पहारा करणारे वेगळे, पाणी तपासणारे वेगळे, कचऱ्यात राबणारे वेगळे, आणि थंड खोलीत बसून या सगळ्यांवर कागद लिहिणारे वेगळे. म्हणाली, "मग सगळे दाखव." दाखवते. या धंद्यात बावीस वर्षं झिजलेय, माझ्याइतकं कोण दाखवणार?

आता मुद्द्याचं. आमच्या कांदळ लावणाऱ्या संस्थेच्या हातात एक जागा आहे. पर्यावरण तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा कोर्स, फी नाही, राहायची सोय, आणि पुढे नोकरी. किनाऱ्यावरच्या गावातल्या एकाच मुलीसाठी. मी शब्द टाकला तर ती मायेर्लीची आहे. ती सतराची, म्हणून आईची सही लागेल. बारा एप्रिलच्या आत. फॉर्म पाठवते.

ताई, मला दहा शिव्या दे. पण सही दे.

नार्सिसा


११ मार्च

ताई,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

या आठवड्यात दोन ठिकाणं झाली. तुझ्या लेकीनं एक वही केलीय आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारते: "या कामात तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?" मला आधी लाज वाटली. मग लक्षात आलं, बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पहिल्यांदा खाडीपलीकडच्या राखीव कांदळवनात नेलं. तिथला पहारेकरी पंधरा वर्षं तिथंच आहे. होड्या दोन, इंजिन एक. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "डिझेलची वाट बघण्यात. डिझेल आलं की चोर गेलेले असतात." हसला बिचारा. मायेर्ली हसली नाही, लिहून घेतलं.

मग पाणी तपासायची प्रयोगशाळा. तिथल्या डॉक्टर इंत्रियागो, साठीच्या बाई, चष्मा गळ्यात, कुणाला हिंग लावून विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, "बाटल्या धुण्यात. बाटली घाण असली की नदी घाण दिसते, आणि मग एखाद्या गावाचं पाणी मी उगाच बंद करते." एवढं बोलून तिच्या हातात ब्रश दिला. पोरगी तीन तास बाटल्या घासत उभी राहिली. परत येताना बसमध्ये म्हणाली, "मावशी, ही बाई खोटं बोलत नसणार." मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तुझ्या हाताचं मला तिनंच सांगितलं. विषारी काट्याचा मासा, उजव्या हाताला, लांबच्या खाडीत, तू एकटी असताना. दोन बोटं वाकत नाहीत म्हणे. सात वर्षं झाली आणि मला आत्ता कळतंय. तू तिकडे लांब जायला का लागलीस, हे विचारायची माझी छाती नाही. दीड तास वल्हवून जायचं, ते गुडघे तरी कसे राहिले असतील तुझे.

फॉर्म आजच्या बसनं पाठवतेय. तीन पानं आहेत, पेन्सिलनं फुल्या केल्यात तिथं सही. तिसरं पान वाचत बसू नकोस, नेहमीचा सरकारी पाल्हाळ आहे.

नार्सिसा


१९ मार्च

ताई,

पाय सुजलेत. उन्हाचं फिरायचं आता माझं वय नाही, सत्तेचाळीसचीच असले तरी. ऑफिसात सगळे मला विचारतात, भाची काय ठरवतेय? मी म्हणते, ती ठरवत नाहीये, आमची परीक्षा घेतेय.

कचरा वेगळा करायच्या गोदामात नेलं. तिथल्या मुकादम बाईनं नुसतं नाक दाबून दाखवलं आणि म्हणाली, "वेळ? वेळ जातो लोकांना शिव्या घालण्यात. बाळाचे लंगोट कागदाच्या पिशवीत टाकतात मेले." मायेर्लीला ती फार आवडली. दोघींनी मिळून तळलेली केळी खाल्ली, त्याच हातांनी. मी नाही खाल्ली.

काल सल्लागारांच्या कचेरीत. एखादा रस्ता किंवा बंदर बांधायचं असलं की आधी हे लोक अहवाल देतात, निसर्गाला काही होणार नाही म्हणून. एक गोरागोमटा पोरगा संगणकावर होता. मायेर्लीनं विचारलं तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "नकाशाचे रंग बदलण्यात. साहेबांना लाल आवडत नाही. लाल म्हणजे धोका. मी केशरी करतो, मग ते पिवळा करायला सांगतात."

बाहेर आल्यावर रसवंतीवर बसलो. तिनं वही उघडली, पेन काढलं, आणि म्हणाली, "आता तू सांग मावशी. तुझा वेळ कशात जातो?"

मी म्हटलं, "अहवाल लिहिण्यात." लिहून घेतलं. वर बघून म्हणाली, "आणि?" मी म्हटलं, "आणि काय? रस पी, गरम होतोय."

ताई, फॉर्म मिळाला असेल. सही कर ग. पोरीकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस.

नार्सिसा


२८ मार्च

ताई,

जे उगाळायचं नव्हतं ते आज माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर उगाळून झालं.

मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर मायेर्ली मांडीवर आमचा जुना अहवाल घेऊन बसलेली. बोकानिताचा. मुखपृष्ठावर तीच आहे, नऊ वर्षांची, दात पडलेले, हातात कांदळाची शेंग घेऊन हसतेय. तो फोटो मीच काढला होता. म्हणाली, "मावशी, इथं लिहिलंय शंभरातली ब्याऐंशी रोपं जगली. हे आपलं खाजण ना? धक्क्यासमोरचं?"

"हो."

"तिथं तर काही नाही. मी रोज शाळेत जाताना बघायचे. चिखल आहे आणि नंबरांचे खांब आहेत. ब्याऐंशी कुठे गेली?"

मी केस पुसत उभी राहिले. मग सांगितलंच. तिला सांगितलं ते तुलाही सांगते. तुला माहीत आहेच, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस.

आमच्या संस्थेचे इंजिनियर साहेब कांदळ लावायला आले ते भांगाच्या आठवड्यात. पौर्णिमेचं उधाण ओसरलेलं, भरती लंगडी. त्यांनी चिखलात काठी रोवली, पाणी गुडघ्याला लागलं, म्हणाले, उत्तम, इथंच लावू. ऑफिसच्या कॅलेंडरवर नेमका तोच आठवडा मोकळा होता. आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की आठ दिवसांनी त्याच जागी पुरुषभर पाणी चढतं आणि ओढ अशी असते की होडी बांधून ठेवावी लागते. मला माहीत होतं ताई. मी त्याच चिखलात रांगलेय. मला अगदी पक्कं माहीत होतं.

शाळेत सभा भरली. तू उभी राहिलीस, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच, आणि म्हणालीस, "साहेब, कांदळ इथं जगत असतं तर आपसूक उगवलं नसतं का? आम्ही इथं शिंपले वेचतो ते उघडा चिखल आहे म्हणूनच. माझं ऐकू नका. माझ्या बहिणीला विचारा, ती तुमची पण आहे आणि आमची पण."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. त्याच महिन्यात मला कायम केलं होतं. मी म्हणाले, "जगतील."

एक शब्द. तू खाली बसलीस. त्यानंतर आजवर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

मग दोरी लागली, दोन वर्षं कुणी खाजणात उतरायचं नाही, आणि तुम्ही सगळ्याजणी लांबच्या खाडीत. तिसऱ्या उधाणाला रोपं झोपली. आणि ते ब्याऐंशी? ते मी मोजलेच नाहीत. मोजायला म्हणून आले, धक्क्यावर उभी राहिले, तुझी होडी दिसली, आणि माझं धाडसच होईना. तशीच परत फिरले आणि ऑफिसात बसून आकडा लिहिला. ऐंशी लिहिलं असतं तर ठोकून दिल्यासारखं वाटलं असतं, म्हणून ब्याऐंशी.

मायेर्लीनं सगळं ऐकलं. वही बंद केली. म्हणाली, "म्हणून आई तुझं नाव निघालं की भांडी आपटते होय."

ताई, मी निर्लज्ज आहे म्हण हवं तर, तरी सांगते: सही कर. झालं ते झालं. आता हे बाहेर काढून कुणाचं भलं होणार? जागा मात्र जाईल. पोरीचं आयुष्य उभं राहतंय, ते राहू दे.

नार्सिसा


६ एप्रिल

ताई,

फॉर्म आला. चिठ्ठी नाही, काही नाही. नुसती तीन पानं, आणि तीन सह्या.

तिसऱ्या पानावरही.

मी तुला ते वाचू नकोस म्हटलं होतं. तू वाचलंस. ओळीखालून बोट फिरवत वाचलंस, तेलकट डाग तसाच उमटलाय. "आमच्या गावच्या खाजणातील लागवड जगली असून तिचा आमच्या कुटुंबास लाभ झाला आहे." ही जागा आमच्या संस्थेनं ठेवलीच आहे ती 'यशस्वी' लागवडीच्या गावासाठी. हे मी तुला सांगितलं नव्हतं. मायेर्लीलाही नाही.

आणि तू खाली सही केलीस. वाकडीतिकडी, कारण बोटं वळत नाहीत, पण पेन इतकं दाबून की मागच्या बाजूला हात फिरवला तर अक्षरं लागतात.

तू बाजारातसुद्धा लहान शिंपला मोठ्यात खपवला नाहीस कधी. आई म्हणायची, हिला सांगा जरा खोटं बोलायला, उपाशी मरेल. त्या तुला मी पोरीच्या नावानं कोपऱ्यात गाठलं आणि माझंच खोटं तुझ्या हातून लिहून घेतलं. सभेत मी तुला खोटं पाडलं होतं, ताई. आता खोटारडी बनवलं.

फॉर्म टेबलावर आहे. अजून दिलेला नाही. भूक नाही.

नार्सिसा


१३ एप्रिल

ताई,

तुला आधी मीच कळवते, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

फॉर्म मी दिला नाही. परवा सकाळी संचालकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, बोकानिताचा आकडा खोटा आहे, मी लिहिला, मोजणी झालीच नव्हती. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नार्सिसा, तुम्हाला बरं नाहीये का?" मी म्हटलं, आठ वर्षं बरं नाहीये. म्हणाले, "तुमच्याकडे दुसरा आकडा आहे?" नाही. "मग आमच्याकडे ब्याऐंशीच आहे. आकड्याला आकडा लागतो." पण जागा मात्र तिथल्या तिथं काढून घेतली, वाद असलेल्या गावाला देता येत नाही म्हणून. आणि मला रजेवर बसवलंय. किती दिवस, ते सांगितलं नाही. विचारायचं त्राणही नव्हतं.

मला वाटलं होतं, मायेर्ली मिठी मारेल. मूर्ख बाई मी! ती ताडकन उठली. असा आवाज मी तुझाही कधी ऐकला नाही.

"आठ वर्षं मूग गिळून बसलीस, आणि तोंड उघडायला तुला माझाच मुहूर्त सापडला? आईनं माझ्यासाठी सही केली होती. तिला काय वाटलं असेल ते करताना, तुला कळतं का? आणि तू ते फुकट घालवलंस! तुला हलकं वाटायला हवं होतं, वाटलं. माझं काय?"

तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "मला विचारायला हवं होतं तुला." ती म्हणाली, "हो. हवं होतं. दोघींनाही, आठ वर्षांपूर्वी आणि आत्ताही."

दोन दिवस झाले, माझ्या हातचं खात नाही. खालच्या टपरीवर जाऊन कच्च्या केळ्याचा बोलोन खाते आणि येताना माझ्यासाठीही एक आणते. टेबलावर आदळते.

मी बरोबर केलं की नाही, मला खरंच माहीत नाही. तू असतीस तर सांगितलं असतंस.

नार्सिसा


१७ एप्रिल

ताई,

काल मायेर्ली एकटीच बाहेर गेली आणि चार तासांनी आली. हातांना साबणाचा वास. प्रयोगशाळेत गेली होती. डॉक्टर इंत्रियागोंना तिनं सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. त्यांनी बाटल्या धुता धुता ऐकलं म्हणे आणि विचारलं, "मग खरी किती जगली?"

"माहीत नाही. कुणी मोजलीच नाहीत."

"तू त्याच गावची ना? मग मोज की. मोजून आण, जशी असतील तशी. मला वर्षभरासाठी मदतनीस हवीय. बाटल्या धुवायच्या, पाणी भरून आणायचं, आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाची परीक्षा द्यायची. पण जिला मोजता येत नाही तिला मी ठेवत नाही."

म्हणजे पोरगी ठरवून आली. पहारा नाही, कचरा नाही, नकाशे नाहीत. मोजायचं काम. मी विचारलं, "नक्की?" तर म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी आपापला वेळ कशात जातो ते सांगितलं. त्या डॉक्टर बाईचा एकटीचाच बरा जातो." मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि तुमच्या संचालकांना आकडा हवाय ना? नेऊन देऊ."

रागावली आहे अजून. पण रागातच का होईना, तिनं 'देऊ' म्हटलं.

ती शनिवारच्या बसनं येतेय. सत्तावीस तारखेच्या उधाणाला ओहोटी खूप लांबवर जाते, खांबांपर्यंत चालत जाता येतं, हे तिनंच मला शिकवलं, जसं काही मला ठाऊकच नाही. खांब नंबरांचे आहेत, एकापासून चाळीसपर्यंत. दोन खांबांमध्ये दोरी ताणायची आणि दोरीखाली जिवंत असेल तेवढं मोजायचं. डॉक्टर म्हणतात याला तीन माणसं लागतात. दोघी दोरीला, एक लिहायला. दोरीला ती आणि तू. तुला ती विचारणार आहे, नाही म्हणू नकोस.

लिहायला कुणी नाही.

ताई, मी येऊ का? मला माफ कर असं म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. घरात घेऊ नकोस, धक्क्यावर झोपेन. चिखलात उतरू नको म्हणालीस तर होडीत बसून लिहीन. गावातल्या बायका बघायला येतील, येऊ देत, सगळ्यांच्या समोरच लिहायचं आहे मला. तू खांबापाशी उभी राहून ओरडून आकडा सांग, मी तो तसाच लिहीन. माझ्या मनचा एकही नाही. तू शून्य म्हणालीस, तर शून्य.

नार्सिसा